जिंकल्यावर म्हणायचं गाणं

चंद्रपूरला जाते म्हटल्यावर चिपळुणात ज्याला त्याला वाघच दिसायला लागला. दवाखान्यातल्या बायका जिप्सीचं बुकिंग झालं का विचारत होत्या, भावाने कुठूनशी दुर्बीण आणून दिली, आणि शेजारच्या काकूंनी ‘एकटी उतरू नकोस गो गाडीतून’ असं बजावलं. मी होला हो म्हणत राहिले. खरं सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या एका फुटबॉल क्लबाचा शेवटचा सामना बघायला मी वैनगंगेकाठच्या एका खेड्यात चालले होते. आता सुखरूप परत आले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

करुणा आणि मी मेलबर्नच्या एका उपनगरात वृद्धाश्रमात नर्स होतो. ती गडचिरोली जिल्ह्यातली, मी कोकणातली. दोघींच्या घरी भातशेती, एवढ्या भांडवलावर आमची मैत्री झाली. आश्रमाच्या मागच्या खिडक्यांतून त्या क्लबाचं मैदान दिसायचं. त्या खेळालाही फुटबॉल म्हणतात, पण आपल्या फुटबॉलशी त्याचं नावापुरतंच नातं. मैदान अंडाकृती, चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. दोन्ही टोकांना चार चार उंच खांब, जाळी नाही. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण मिळतो. खांबांपाशी उभा असलेला पंच सहाला दोन पांढरी निशाणं हलवतो, एकाला एक. चुकणाऱ्यालाही काहीतरी देणारा हा खेळ मला पहिल्याच शनिवारी आवडला. आमच्या संघाने तर त्या एकेकावरच पोट भरायचं व्रत घेतलेलं होतं.

मैदानाकडच्या खोलीत केन आजोबा राहायचे. ते तरुणपणी याच क्लबाकडून खेळलेले, आता नव्वदी ओलांडलेले. क्लबाचं गाणं त्यांनीच आम्हाला शिकवलं, एकेक ओळ नुसती बोलून. चाल वेगळी गुणगुणून दाखवली. दोन्ही एकत्र करायला सक्त मनाई. कारण तिथली रीतच तशी आहे: सामना जिंकला की खेळाडू आत जातात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल करतात आणि गाणं म्हणतात. हरल्यावर नाही, सरावाला नाही, न्हाणीघरातसुद्धा नाही. “फुकट म्हटलं की गाणं मरतं,” असं ते म्हणायचे. आम्ही दोघींनी त्यांच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. आम्ही तिथे असताना संघ दोनदाच जिंकला. दोन्ही सामने दुसऱ्यांच्या मैदानावर, आणि दोन्ही वेळा आमची ड्युटी.

मग करुणाचे वडील गेले आणि ती गावी परतली. मागोमाग मीही चिपळूणला आले. त्यानंतरचे तीन हंगाम आमच्या संघाने एकही सामना जिंकला नाही. उपनगरातली घरं महागली, तरुण पोरं लांब राहायला गेली, कधी कधी संघाचे अठरा खेळाडूही जमेनात. या वर्षी ठरलं की हंगाम संपला की क्लब शेजारच्या क्लबात मिसळायचा. मैदान राहणार, रंग आणि गाणं जाणार. केन आजोबा आता खाटेवरून उठत नाहीत. दर शनिवारी मी त्यांना व्हिडिओ कॉल करते. मागच्या महिन्यात ते म्हणाले, “पोरी, एकदा ऐकायला मिळालं असतं तर बरं होतं. मग खुशाल बंद करा.” ते रडले नाहीत. मी फोन ठेवला आणि मी रडले.

एकच सामना उरला होता. करुणाने फोन करून सांगितलं, “ये इकडं. संगं पाहू. हारलो तं संगं हारू.”

गुरुवार, चंद्रपूर

वाहन सुरू झालं की मला झोप लागते, त्यामुळे महाराष्ट्राची रुंदी मी जवळजवळ डोळे मिटूनच पार केली. मधे केव्हातरी खिडकीबाहेर हिरवं अंडाकृती मैदान दिसलं आणि मी दचकून उठले. तो पाण्याने भरलेला तलाव होता, काठावर बगळे उभे.

चंद्रपूरला उतरले तेव्हा ढग वीजकेंद्राच्या चिमण्यांना टेकलेले होते. कुठला धूर आणि कुठला ढग ते कळत नव्हतं. किल्ल्याच्या वेशीतून रिक्षा आत शिरते आणि बाजूने म्हशीही शिरतात, कोणी कोणाला हॉर्न वाजवत नाही. रिक्षावाल्या भाऊंनी गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका बाजूला सारून विचारलं, “ताडोब्याले का, बाई?”

“नाही. चामोर्शीकडे. मैत्रिणीकडे.”

“मंग बरं हाय. कोर जंगल बंदच हाय पान्याचं. वाघबी घरीच.”

आमच्याकडे चौकशी सुरू झाली की ती आजोळच्या आडनावापर्यंत जाते. इथे ‘बरं हाय’ म्हणून माणूस गप्प बसला, मला त्याचं फार बरं वाटलं. लॉजवरून आश्रमात फोन केला. तिथल्या सिस्टरने सांगितलं की आजोबा दिवसाचा बराच वेळ झोपून असतात, पण शनिवार किती दिवसांवर आहे ते जाग आली की विचारतात.

शुक्रवार, हरणघाट ओलांडताना

मूल गावाकडचा रस्ता जंगलातून जातो. पावसाने धुतलेला बांबू दोन्ही बाजूंनी गाडीवर वाकलेला, आत काळोखी हिरवाई, आणि मधेच एखाद्या वळणावर छत्री धरून टोपलीत बांबूचे कोंब विकायला बसलेली बाई. इकडे त्याला वास्ते म्हणतात. आमच्या कोकणातही बांबूचा कोंब खातात, पण तो असा रस्त्यावर येऊन बसत नाही. एसटीतल्या अर्ध्या लोकांनी गाडी थांबवून वास्ते घेतले. कंडक्टरनेही घेतले. मी झोपले.

जागी झाले ती गाडी थांबल्यामुळे. पुढच्या नाल्यावरून पाणी चाललं होतं, चहासारखं लालसर. दोन्ही काठांवर ट्रक, मोटारसायकली, माणसं, आणि कोणाच्याच चेहऱ्यावर घाई नाही. मी मात्र सारखी घड्याळ बघत होते. मी शेजारच्या आजींना विचारलं, “उद्या सकाळपर्यंत पाणी उतरेल का हो?”

“उतरंन का राहीन, त्याचं त्याले ठाऊक. तुमाले काऊन घाई हाय, बाई? लगन हाय का?”

“लग्न नाही, सामना आहे.”

“कोनाचा?”

“आमचा,” मी म्हटलं, आणि त्या आजींनी सहानुभूतीने मान हलवून मला मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले.

दोन तासांनी पाणी उतरलं. कंडक्टर नाल्यातून चालत पुढे गेला, मागे वळून हात केला, आणि गाडी त्याच्या मागून अलगद पलीकडे आली. हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा दिसली तेव्हा अर्धी गाडी खिडकीकडे सरकली. एवढं पाणी आणि आवाज म्हणून नाही. आमच्या नद्या उड्या मारत समुद्राला जातात, ही कुठेच न जाणाऱ्या माणसासारखी आरामात पसरली होती.

फाट्यावर करुणा स्कूटी घेऊन उभी होती. तीन वर्षांनी भेटलो, पण तिने पहिलं विचारलं, “पायाचं ते बरं हाय का त्याचं?” ‘तो’ म्हणजे आमचा कप्तान. मी म्हटलं, बरं आहे, खेळणार. मग आम्ही मिठी मारली.

गावात शिरताना रस्ता बांधाबांधाने जातो. दोन्हीकडे भाताची खाचरं, ज्यांना इथे बांधी म्हणतात. यंदा पाऊस आधी रुसला आणि मग पुरावर पूर आले, म्हणून रोवणी ऑगस्टपर्यंत लांबलेली. आम्ही जिला लावणी म्हणतो तीच ही रोवणी. आभाळ खाली आलेलं, बांध्यांतल्या पाण्यातही आभाळ, आणि दोन्हींच्या मधे वाकलेल्या बायकांची एक रांग. त्या गात होत्या. मी स्कूटीवर पेंगत होते आणि ते गाणं मला मेलबर्नच्या खिडकीतून ऐकू येतंय असं वाटलं. चाल ओळखीची होती. मी तिच्याबरोबर मनातल्या मनात चाललेही. मग झोप खाडकन उडाली.

“करुणा, गाडी थांबव.”

तिने थांबवली. मागे वळून पाहिलं नाही.

बायका रोपांच्या पेंड्या, म्हणजे जुड्या, सोडून पाण्यात रोपं टोचत एकेक पाऊल मागे सरकत होत्या आणि आमच्या क्लबाच्या गाण्याच्या चालीवर, ठेका न चुकवता, म्हणत होत्या:

“एक पेंडी, दोन पेंडी, तिसरी कुठी गेली गं,
वाकली कंबर, सरली बांधी, सांज कवा झाली गं.”

“हे काय आहे?” मी विचारलं.

“माय हाय,” करुणा म्हणाली. “रांगेत पहिली.”

घरी, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली बसून मी तिला फाडफाड बोलले. शपथ दोघींनी घेतली होती. तीन वर्षं मी आंघोळीतसुद्धा तोंड मिटून ठेवलं आणि हिने अख्ख्या गावाला गाणं वाटलं. करुणा म्हणत होती की तिने शब्द कधीच म्हटले नाहीत, आरोग्य उपकेंद्रात कामाला जाता येता नुसती गुणगुणायची. तेवढ्यात माय पाय धुऊन आत आली. सत्तरीची, लहानखुरी, कपाळावर चिखलाचा ठिपका तसाच.

“जय भीम, पोरी. तिच्यावर काऊन रागावून राह्यली? हे दिवसभर हूं हूं करत राह्यते. म्या म्हनलं, एवढी चांगली चाल, हिले शब्द नाई का काई? म्हनून म्याच घातले.”

“पण माय, ते जिंकल्यावरच म्हणायचं असतं.”

“आन् तवरी?”

“तोवर गप्प राहायचं.”

मायने कपाळावरचा चिखल पुसला. “तुमच्याकडं लावणी करताना मुकाट्यानं करते का?” तिने विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. आमच्याकडेही गातातच.

जेवायला वास्त्यांची भाजी, भात आणि जवसाची चटणी होती. भाजी किंचित कडू, मग गोड. मी रागातच तीनदा वाढून घेतली.

संध्याकाळी करुणा मला मार्कंड्याच्या जुन्या देवळांकडे घेऊन गेली. भिजून काळ्या पडलेल्या देवळांवर दगडाची माणसं एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि मागे नदी उलटी, उत्तरेकडे वाहते. पावसामुळे कोणीच नव्हतं. मी हात जोडले. करुणा पायरीवर बसून राहिली.

“तू माग तुह्यापुरतं,” ती म्हणाली. “आमच्यात नवस नाई.” मग थोड्या वेळाने: “शुभा, उद्या त्यायले सांगू का? गान्याचं?”

“नको,” मी म्हटलं. “आजोबा मरायला टेकलेत. त्यांना एवढं तरी शाबूत राहू दे.” अंधार पडताना गावात परतलो. बुद्धविहारातून वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाचा आवाज येत होता, एकसारखा, शांत, आणि त्या आवाजात माझा राग थोडा विरघळला.

शनिवार, बोडीची पाळ

त्या गावात फोनला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी. गावाच्या वरच्या अंगाला लहानसा तलाव आहे, त्याला बोडी म्हणतात. त्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली. तिथला दुपारचा सामना म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. आम्ही एक खाट, दोन छत्र्या आणि क्लबाच्या रंगांचे मोरपंखी-पिवळे मफलर घेऊन पाळीवर गेलो. ऑगस्टच्या दमटात लोकरीचा मफलर. खाली, हाकेच्या अंतरावर, मायच्या शेवटच्या बांधीत बायका उतरलेल्या होत्या.

क्लबाने सामना दाखवायला कुंपणाला कोणाचा तरी फोन बांधला होता. त्यात अर्धंच मैदान दिसायचं. चेंडू डावीकडे गेला की आम्ही नुसत्या आरोळ्या ऐकायचो आणि गुणफलक बदलण्याची वाट बघायचो. पण त्या दिवशी चेंडू पुष्कळ वेळा उजवीकडे राहिला. पहिल्या पावात, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात, आम्ही पुढे. दुसऱ्या पावातही पुढे. करुणाने माझा हात धरला होता, तो तिने सोडलाच नाही. मध्यंतरात तिथली माणसं कुंपण ओलांडून मैदानात शिरली, खेळाडूंच्या भोवती कोंडाळं करून उभी राहिली. ही तिथली नेहमीची रीत. त्या धुरकट चित्रात मला ते लोक आणि खालच्या बायका एकाच पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसायला लागल्या.

आश्रमातल्या सिस्टरने करुणाच्या दुसऱ्या फोनवर व्हिडिओ लावून ठेवला होता. केन आजोबा उशीला टेकून, डोळे मिटून पडलेले. गळ्यात मफलर. सिस्टर गुण सांगायची आणि त्यांची बोटं पांघरुणावर किंचित हलायची.

तिसऱ्या पावात कप्तानाचा पाय दुखावला. चौथ्यात समोरचे बरोबरीला आले, मग पाच गुणांनी पुढे गेले. शेवटच्या भोंग्याला काही क्षण उरले असताना आमच्या एका पोराने खांबांसमोर चेंडू उडीत झेलला. झेलला की निवांत मारायला मिळतो. भोंगा वाजला. तरी नियमाप्रमाणे त्याला ती एक किक मिळणार होती. सहा मिळाले तर एका गुणाने आम्ही जिंकणार.

माय वर कधी आली कळलं नाही. चहा प्यायला आली असावी. कमरेवर हात ठेवून तीही बघत होती. पोराने मोजे वर ओढले, चार पावलं धावला आणि मारलं. चेंडू मधल्या उजव्या खांबाच्या बाहेरून, बाजूच्या फटीतून गेला. पंच पुढे आला, त्याने एकच निशाण हलवलं.

“एक तं भेटला ना?” माय म्हणाली.

“हो माय,” मी म्हटलं. “एक मिळाला.”

चार गुणांनी हरलो. करुणाने मफलरमध्ये तोंड खुपसलं. माय खाली उतरून गेली. दुसऱ्या फोनवर केन आजोबांनी डोळे उघडले होते. ते छताकडे बघत होते. “चार,” ते म्हणाले. “वाईट नाही खेळले.” आणि मग ज्या आवाजात ते औषध नको म्हणायचे त्या आवाजात, “चला. संपलं.” मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा डोळे उघडणार नाही. 

तेवढ्यात खालून गाणं आलं.

बायका शेवटच्या कोपऱ्याला पोचल्या होत्या, आणि शेवट जवळ आला की हात आणि आवाज दोन्ही चढतात. मी घाईघाईने फोनवर हात ठेवला, पण केन आजोबांचे कान शाबूत होते. त्यांनी मान वळवली.

“ते काय आहे?”

करुणाने माझा हात फोनवरून बाजूला केला. तिने सगळं सांगितलं. गुणगुणणं, माय, पेंड्या, सगळं. मला वाटलं ते चिडतील. ते ऐकत राहिले, कपाळाला आठी घालून. मग त्यांनी अगदी कडक आवाजात विचारलं, “त्या जिंकल्या आहेत का?”

करुणा पाळीच्या कडेला गेली आणि ओरडली, “माय! थे बुढे बाबा इचारून राह्यले, तुमी जिंकल्या का म्हनून?”

माय हळूहळू सरळ झाली. हातात शेवटची पेंडी होती. तिने ती उकलली, रोपं टोचली, आणि मग अख्ख्या बांधीवरून नजर फिरवली.

“त्यायले सांग,” ती म्हणाली, “दोनदा रोवलं, दोनदा पुरानं नेलं. हे तिसऱ्यांदा. आज सरली शेवटची बांधी. हे जिंकनं नाई तं काय हाय मंग?”

करुणाने ते इंग्रजीत सांगितलं.  फोनमधलं केन आजोबांचं चित्र जागच्या जागी थबकलं. रेंज गेली की काय असं वाटून मी फोन उंच धरला.

“मग थांबल्यात कशाला?” ते म्हणाले. “म्हणू दे. आणि तुम्ही दोघीसुद्धा.”

इथे रोवणी सरली की शेताच्या मालकिणीला चिखल माखायची पद्धत आहे. बायका खिदळत पाळ चढून आल्या, त्यांनी मायला माखलं, करुणाला माखलं, आणि पाहुणी म्हणून मलाही सोडलं नाही. मफलरचा मोरपंखी गेला, पिवळा गेला. मग आम्ही गोल केला, एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून, अगदी तिथे करतात तसा, आणि मधे मायने फोन धरला. बायकांनी सुरुवात केली. फोनमधून एक फाटका आवाज इंग्रजी शब्द म्हणत आला, थोडा मागून. मी इतकी वर्षं जपून ठेवलेले शब्द म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते ‘एक पेंडी, दोन पेंडी’.

फोनवर आवाज उशिरा पोचतो. आमचं म्हणून झालं तेव्हा त्यांची शेवटची ओळ अजून यायची होती. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण सगळ्या बायका खांद्यांवरचे हात न काढता, चिखलाने माखलेल्या, गप्प उभ्या राहिल्या. केन आजोबांचं म्हणून होईपर्यंत.